बॅटरी उतरली आणि इंजिनाचं झाकण उघडेना: आधी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

बटण दाबलं की वर उचललं जाणारं इंजिनाचं झाकण ही इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत असलेल्या बोटींवरची मोठी सोय. पण बऱ्याच बोटींवर बॅटरी त्याच झाकणाखाली असते आणि झाकण त्याच बॅटरीवर चालतं. बेलापूर, नेरूळ, वाशी किंवा घोडबंदरच्या बाजूला खाडीत बांधलेल्या बोटींना याचा फटका बसायची वेळही ठरलेली आहे. जूनच्या तोंडावर बोटीवर ताडपत्री चढते, नारळी पौर्णिमा उलटल्यावर निघते, आणि बटण दाबलं की साधा आवाजही येत नाही.

पहार, टॉमी, मोठा स्क्रू ड्रायव्हर, जे काही हातात घेतलं असेल ते खाली ठेवा. झाकणाला खालून १२ व्होल्टचा लिनियर अ‍ॅक्च्युएटर ढकलत असतो: मोटर, गिअर आणि आट्यांचा लांब दांडा. या आट्यांची रचना अशी असते की मोटर फिरली तरच दांडा सरकतो. बाहेरून कितीही ओढा, तो जागचा हलत नाही. जोर मग दांड्यावर न जाता फायबरवर जातो. झाकणाची कड तडकते, जेलकोटचे, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराचे टवके उडतात, नाहीतर अ‍ॅक्च्युएटरचा कंस (ब्रॅकेट) स्क्रूसकट उपटून येतो. उतरलेली बॅटरी चार्ज करून किंवा बदलून काम भागतं. उपटलेल्या कंसाच्या जागी मात्र आतून प्लायवुडचा तुकडा लॅमिनेट करावा लागतो, आणि त्यानंतरही झाकण पहिल्यासारखं बसेल याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट धीर देणारी आहे. झाकण उघडायला वीज फार थोडी लागते. अ‍ॅक्च्युएटरने १२ अँपिअर घेतले आणि झाकण वर जायला २० सेकंद लागले, तर हिशेब ०.०७ अँपिअर-तासाच्या आसपास येतो. इंजिन चालू करायला भली मोठी बॅटरी लागते म्हणून झाकणालाही तेवढीच लागेल असं धरून लोक शंभर अँपिअर-तासाची, पंचवीस-तीस किलोची बॅटरी शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरवत बसतात. त्याची गरज नाही. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी, वजन अडीच किलोच्या आत, ठाण्यात किंवा वाशीत कुठल्याही इन्व्हर्टरच्या दुकानात मिळते. ती एका उघडझापीला पुरून उरते. झाकण मोठं असेल, वर सनपॅडची जाड गादी असेल, तर अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडा.

बॅटरी खरंच उतरली आहे का?

बॅटरी सिलेक्टर स्विच बहुतेक बोटींवर झाकणाबाहेर, कॉकपिटच्या (बसायच्या उघड्या जागेच्या) कडेला किंवा मागच्या सीटखाली असतो. त्यावर १, २, दोन्ही आणि बंद अशा खुणा असतात. इंजिनाची आणि घरगुती वापराची बॅटरी वेगळी असेल तर एक उतरली तरी दुसरी शाबूत असू शकते. स्विच दुसऱ्या बॅटरीवर टाका आणि बटण दाबून बघा. काही बोटींत किल्ली ऑन केल्याशिवाय झाकणाला पुरवठाच मिळत नाही, तेही तपासा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

त्यानंतर डॅशबोर्डवर मल्टिमीटर लावा. काही तास कशाचाही भार नसताना १२.७ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ ला अर्धी, ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. पण खरा निकाल बटण दाबलेलं असतानाच लागतो. एकाने बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने स्विचच्या मागे मीटर धरायचा. आकडा १०.५ च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, किंवा वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे. आकडा १२ च्या वर टिकला आणि तरी झाकण हललं नाही, तर दोष बॅटरीत नाही. रिले (छोट्या विजेने मोठी वीज जोडणारा स्विच), अ‍ॅक्च्युएटरचा प्लग आणि मोटर तपासायला घ्या. मोटर गरगरण्याचा आवाज येतो पण झाकण जागचं हलत नाही, म्हणजे आतला गिअर गेला. तेव्हा वीज देऊन काही होणार नाही, थेट खाली पिनेच्या भागाकडे जा. झाकण थोडं वर जाऊन थांबलं तर मोटर तापून तिच्या आतल्या संरक्षणाने वीज तोडलेली असू शकते. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघा.

पेट्रोल इंजिन असेल तर

वायर जोडण्याआधीची ही पायरी टाळू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साठते. एरवी इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवायचा असतो. इथे बॅटरीच उतरलेली, त्यामुळे ब्लोअरही बंद. वायुवीजनाच्या जाळीवरची ताडपत्री काढा, वारा खेळू द्या, जाळीशी नाक नेऊन वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर विजेचा कुठलाही उपाय करायचा नाही, फक्त पिनेचा मार्ग. वास नसला तरी शेवटचा चिमटा जोडताना ठिणगी उडते, म्हणून तो जोड नेहमी डॅशबोर्डकडे, इंजिनाच्या कप्प्यापासून लांब करायचा. डिझेलला हा धोका बराच कमी, तरी उतरलेली बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा आगपेटी आणि सिगारेट लांबच ठेवा.

वीज कुठून द्यायची

इथे बहुतेकांची एकच चूक होते. बाहेरची छोटी बॅटरी आणतात आणि बोटीच्या मेन वायरिंगला कुठेतरी जोडतात. तिथे उतरलेली बॅटरी समांतर बसलेली असते आणि कोरड्या जमिनीसारखी सगळी वीज शोषून घेते. अ‍ॅक्च्युएटरपर्यंत काही पोचत नाही, फ्यूज उडतो किंवा जंपरची बारीक वायर तापते. म्हणून आधी उतरलेली बॅटरी वाटेतून बाजूला काढायची, मग वीज द्यायची.

सर्वांत सरळ जागा डॅशबोर्डखालचा फ्यूज ब्लॉक. पॅनेलचे चार-सहा स्क्रू काढले की तो दिसतो. झाकणाचा फ्यूज शोधून उपटून काढा. आता त्या खाचेत दोन क्लिपा मोकळ्या आहेत. एक बॅटरीकडून येणारी, दुसरी स्विचकडे जाणारी. बॅटरी मेलेली असल्यामुळे व्होल्टेज मोजून कोणती कुठली हे कळणार नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवा, शेजारचाही एक फ्यूज काढा आणि दोन्ही खाचा तपासा. शेजारच्या खाचेशी ज्या क्लिपचा बीप वाजतो ती पुरवठ्याची बाजू, कारण पुरवठ्याची पट्टी सगळ्या फ्यूजना सामाईक असते. उरलेली क्लिप झाकणाकडे जाते. बाहेरच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह २० अँपिअरच्या इनलाइन फ्यूजमधून याच क्लिपला द्या आणि निगेटिव्ह डॅशबोर्डमागच्या निगेटिव्ह बसबारला (सगळ्या निगेटिव्ह वायरी जिथे येतात त्या पट्टीला). फ्यूज उपटलेला असल्याने उतरलेल्या बॅटरीकडे जायला विजेला वाट उरत नाही. बटण दाबा, झाकण वर येतं.

फ्यूज ब्लॉकपर्यंत हात पोचत नसेल आणि स्विच साधा, सहा पिनांचा, दिशा उलटवणारा असेल, तर त्याच्या मागून मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरी सोडवा आणि बाहेरची बॅटरी थेट त्यांना लावा. एका दिशेने जोडलं तर झाकण वर, उलट जोडलं तर खाली. पहिला स्पर्श फक्त सेकंदभर. आतला लिमिट स्विच (दांडा टोकाला पोचला की मोटर थांबवणारा) आधीच शेवटाला असेल तर चुकीच्या दिशेने काहीच होणार नाही, मग वायरी अदलाबदल करा. लिमिट स्विच नसलेला अ‍ॅक्च्युएटर चुकीच्या दिशेने झाकणाला आणखी खाली आवळत राहतो, म्हणून वायर लावून धरून ठेवायची नाही.

या दुसऱ्या पद्धतीत एक सापळा आहे. ज्या बोटींत स्विच फक्त रिलेला आज्ञा देतो आणि रिलेची पेटी मोटरला वीज देते, तिथे विश्रांतीच्या स्थितीत अनेकदा मोटरच्या दोन्ही वायरी रिलेच्या आतून निगेटिव्हला टेकलेल्या असतात. तशा मोटरच्या वायरीवर बाहेरून पॉझिटिव्ह दिला की रिलेतून सरळ शॉर्ट होतो. डॅशबोर्डचा स्विच दाबल्यावर मागून कुठूनतरी टकटक ऐकू येत असेल तर तुमच्याकडे रिले आहे असं समजा. तिथे मोटरचा प्लग पेटीपासून वेगळा केल्याशिवाय वायरींना हात लावू नका.

रिलेच्या बोटींत फ्यूज ब्लॉकची युक्तीही कधीकधी अर्धीच चालते. टकटक होते पण झाकण हलत नाही, कारण रिलेची जाड वायर इंजिनाच्या कप्प्यातून थेट बॅटरीवरून आलेली असते. मग वेगळी चाल खेळायची. आधी काढलेले फ्यूज परत बसवा, बॅटरीचा मेन स्विच ऑन ठेवा आणि डॅशबोर्डच्या मुख्य पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पट्टीवर १० अँपिअरचा चार्जर लावा. वीज उलट वाटेने उतरलेल्या बॅटरीपर्यंत जाते. पाऊण तासात तिच्यात सात-साडेसात अँपिअर-तास शिरतात. बॅटरी पार निकामी झालेली नसेल तर झाकणासाठी तेवढे भरपूर आहेत. चार्जर जुन्या पद्धतीचा, साधा असेल तर लगेच कामाला लागतो. स्मार्ट चार्जर पार मेलेली बॅटरी ओळखतच नाही आणि चालूच होत नाही. अशा वेळी ती ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी पट्टीवर फ्यूजसकट समांतर लावा, चार्जरला व्होल्टेज दिसलं की तो सुरू होतो. चार्जरने काम हाती घेतलं की छोटी बॅटरी काढून घ्या. जेट्टीवरून २३० व्होल्टची वायर ओढणार असाल तर ती ईएलसीबीमागूनच (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमागूनच) हवी आणि तिचा एकही जोड पाण्यावर लोंबता कामा नये.

मोबाइल चार्जिंगच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून उलट पुरवठा देण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. साध्या वायरिंगच्या बोटीत तो चालतो, मात्र मेन बॅटरी स्विच बंद आणि बाकीचे सगळे स्विच बंद असतील तरच. त्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो आणि वायर बारीक, त्यामुळे जड झाकणाला तो दगा देतो. आमच्या मते हा पर्याय पॅनेल उघडायला पाना-पेचकस काहीच नसेल तेव्हाचा.

जंप स्टार्टर आणि ड्रिलची बॅटरी

गाडीसाठी मिळणारा छोटा लिथियम जंप स्टार्टर आता अनेकांच्या डिकीत असतो. तो थेट अ‍ॅक्च्युएटरला किंवा मोकळ्या क्लिपला लावला की बऱ्याचदा काहीच देत नाही, आणि लोक तो बिघडला असं ठरवून मोकळे होतात. त्याच्या चिमट्यांतलं सर्किट समोर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय वीज सोडत नाही. बूस्ट किंवा ओव्हरराइड बटण असेल तर ते दाबल्यावर वीज येते, पण तेव्हा उलट जोडणीपासूनचं संरक्षणही बंद झालेलं असतं. लाल-काळं दोनदा बघून मगच दाबा. कॉर्डलेस ड्रिलची १८ किंवा २० व्होल्टची बॅटरी मात्र लावायची नाही, ती मोटरला आणि कंट्रोल पेटीला जास्त होते.

पिनेचा मार्ग

अ‍ॅक्च्युएटरचा दांडा झाकणाला एका आडव्या पिनेने अडकवलेला असतो. चांगल्या बांधणीच्या बोटींत ही पीन ओढून काढता येते आणि तिला जोडलेली दोरी किंवा केबल मागच्या सीटखाली, कडेच्या लॉकरमध्ये किंवा छोट्या गोल तपासणी झाकणाआड आणून ठेवलेली असते. बोट नवी घेतली असेल तर ती दोरी कुठे आहे हे बॅटरी ठीक असतानाच शोधून ठेवा.

दोरी ओढली आणि पीन निघत नसेल तर जोर वाढवू नका. बंद झाकणाला अ‍ॅक्च्युएटर खाली ओढून रबर गॅस्केटवर दाबून धरत असतो आणि तोच ताण पिनेवर असतो. एकाने झाकणाच्या मोकळ्या कडेवर, पीन ज्या बाजूला असेल तिथे, दोन्ही गुडघे टेकून वजन टाकायचं. गॅस्केट दबतं, पिनेवरचा ताण सैल होतो आणि दुसऱ्याच्या हातात ती अलगद येते. पीन गंजली असेल तर तपासणी झाकणातून हात घालून गंज सोडवणारं तेल मारा आणि पंधरा मिनिटं थांबा.

पीन निघाली की झाकण कोणाच्याही आधाराशिवाय असतं. गॅस स्प्रिंग असतील तर ते झटक्यात वर येईल, चेहरा वर नेऊ नका. स्प्रिंग नसतील किंवा दमलेल्या असतील तर उलट प्रकार, झाकण गादीसकट अंगावर येतं. दोन माणसं हवीतच, आणि उघडल्याबरोबर लाकडाचा ठोकळा किंवा मजबूत काठी टेकवा. खाडीत ओहोटीला बोट गाळात टेकून कलते, त्या वेळी झाकणही बिजागरीशी तिरकं अडकतं. भरती येईपर्यंत थांबलं तर तेच झाकण सहज निघतं.

दोरी नाही, तपासणी झाकणही नाही, अशा बोटींत मागच्या सीटची पाठ, केबिनची मागची भिंत आणि कडेचे लॉकर तपासा. आतल्या पॅनेलचे स्क्रू काढून इंजिनाच्या कप्प्यात हात जाण्याइतकी फट बहुतेक वेळा मिळते. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर त्या काढून बिजागरीच्या बाजूने झाकण उचलता येतं, पण इतकंच की आत हात घालून पीन निघेल. पूर्ण उचललं तर दांडा वाकतो.

उघडल्यावर

झाकण उघडं ठेवून आत हवा खेळू द्या, मगच बॅटरीला हात लावा. उतरलेली बॅटरी जंप देऊन इंजिन चालू करायचं आणि अल्टरनेटर ती भरेल अशी आशा करायची, हे बॅटरी आणि अल्टरनेटर दोघांनाही महागात पडतं. बॅटरी काढून जमिनीवर चार्ज करा. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला १० अँपिअर, बारा तास किंवा जास्त. नंतर पाण्याच्या बॅटरीत प्रत्येक खान्याची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता) मोजा. सगळे खाने १.२५ च्या आसपास आले तर ठीक. एखादा खाना बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने किंवा जास्त खाली असेल तर ती बॅटरी पुढच्या महिन्यात पुन्हा हाच प्रसंग आणणार. ती बदला.

मुळात बॅटरी का उतरते

पहिला संशय बिल्ज पंपावर. तो फ्लोट स्विचने आपोआप चालतो आणि मेन स्विच बंद असला तरी थेट बॅटरीवर असतो, तसाच असायलाही हवा. छोटा पंप २ ते ३ अँपिअर घेतो. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतले ५० वापरण्याजोगे धरले तर पंपाला एकूण वीसेक तास मिळतात. फाटक्या ताडपत्रीतून पावसाचं पाणी आत येत असेल तर जुलैत हे तास बघता बघता संपतात. पंप बॅटरीवरून काढणं हा उपाय नाही, बोट बुडेल. उपाय आहे ताडपत्री उताराने बांधण्याचा, पाणी मध्ये साचू न देण्याचा.

मग बारीक गळत्या. म्युझिक सिस्टीमची मेमरी ३० मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, दोन महिन्यांत ४३. जीपीएस ट्रॅकर, अलार्म, घड्याळ यांची भर वेगळीच. सगळं बंद ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मीटर लावा आणि एकेक फ्यूज काढत आकडा कुठे पडतो ते बघा. पंप सोडून बाकी सगळं मेन स्विचमागे घ्या.

२० वॅटचा सोलर पॅनेल कंट्रोलरसह लावला तर उन्हाच्या दिवशी ५ अँपिअर-तासांच्या आसपास देतो. ढगाळ पावसात फार थोडं, ताडपत्रीखाली शून्य. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर ओढून ठेवणार असाल तर तळाचा ड्रेन प्लग काढा आणि बॅटरी घरी न्या.

कायमचा बंदोबस्त

आपत्कालीन जोडणी एकदा करून घेतली की हा प्रश्न संपतो. कॉकपिटच्या लॉकरमध्ये, बिल्जपासून उंच, रबरी टोप्यांचे दोन स्टड बसवा. झाकणाच्या फ्यूजनंतरच्या वायरीत ३० अँपिअरचा ऑन-ऑफ-ऑन स्विच घाला. मधला पाय झाकणाकडे, एक बाजू बोटीच्या फ्यूजकडे, दुसरी बाजू लाल स्टडकडे. काळा स्टड निगेटिव्ह बसबारला. स्विच आपत्कालीन बाजूला टाकला की उतरलेली बॅटरी आपोआप बाजूला होते, पॅनेल उघडायला नको. रिलेची बोट असेल तर हाच स्विच रिलेच्या जाड पुरवठ्यावर घ्यायचा आणि रिलेच्या कॉइलचा पुरवठाही तिथूनच.

वायर टिन केलेल्या तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची घ्या. जाऊन-येऊन १० मीटर वायरीत १० अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आत घट होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट पाऊण व्होल्टपर्यंत जाते. मुंबईच्या लोहार चाळीत साधी तांब्याची वायर स्वस्त मिळते, पण खाडीच्या हवेत ती इन्सुलेशनच्या आतून हिरवी पडत जाते. लग क्रिम्प करा, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवा. २० अँपिअरचा फ्यूज बाहेरच्या बॅटरीच्या चिमट्याजवळ हवा, स्टडजवळ नको, कारण शॉर्ट झाला तर तो बॅटरीपासूनच्या वायरीतच होणार.

पिनेची नायलॉन दोरी असेल तर ती बदलून २ मिलिमीटरची स्टेनलेस केबल नळीतून ओढून घ्या. नायलॉन उन्हाने कुजतं आणि नेमकं गरजेच्या दिवशी तुटतं. मे महिन्याच्या शेवटी ताडपत्री घालण्याआधी बोटीचा मेन स्विच बंद करा, छोटी बॅटरी स्टडला लावून झाकण एकदा पूर्ण वर-खाली करा, पीन एकदा काढून ग्रीस लावून परत घाला, आणि ती छोटी बॅटरी भरून घरी ठेवा, बोटीवर नको.